रुग्णालयजन्य प्रतिजैविकरोधी संसर्ग

रुग्ण ज्या आजारासाठी रुग्णालयात आला त्याच्याशी संबंध नसलेला, दाखल होतेवेळी त्याच्या शरीरात सुप्तावस्थेतही नसलेला आणि उपचारांच्या काळात जडलेला संसर्ग म्हणजे रुग्णालयजन्य संसर्ग. व्यवहारात दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग या व्याख्येत धरतात. शस्त्रक्रियेच्या जखमेत ३० दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा वगैरे बसवला असल्यास ९० दिवसांपर्यंत उद्भवलेला संसर्गही, रुग्ण घरी गेलेला असला तरी, रुग्णालयाच्याच खाती मांडला जातो. यांपैकी ज्यांचे जीवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, त्या संसर्गांचा विचार येथे केला आहे. वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना याची वर्दी बहुधा ‘इन्फेक्शन झाले आहे, मोठी अँटिबायोटिक सुरू केली’ एवढ्याच शब्दांत मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांतील दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि बाधितांपैकी सरासरी दहांतील एक दगावतो. औषधरोधाचा हिशेब वेगळा करतात: २०१९ साली जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संसर्गाची वाट बहुतेक वेळा नळीची असते. मोठ्या शिरेत घातलेली नळी त्वचेवरील जंतूंना सरळ रक्तात नेते, लघवीची नळी मूत्राशयापर्यंत पोचवते आणि व्हेंटिलेटरला जोडलेली श्वासनलिकेतील नळी खोकून जंतू बाहेर टाकण्याची शरीराची सोयच काढून घेते. चौथी वाट शस्त्रक्रियेच्या जखमेची. नळीच्या पृष्ठभागावर जीवाणू एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर तयार करतात. या जैवपटलात औषध पुरेसे शिरत नाही आणि आतले जंतू मंद गतीने जगत राहतात, म्हणून पुष्कळदा नळी काढल्याशिवाय ताप उतरत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण, भाजलेले, डायलिसिसवर असलेले आणि कमी दिवसांची बाळे यांना धोका सर्वाधिक असतो. नळी रोज तपासून, गरज संपताच काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत जास्त विसरला जाणाराही.

कारणीभूत जीवाणूंत क्लेब्सिएला न्यूमोनिए, अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी, स्यूडोमोनास एरुजिनोझा, एंटरोबॅक्टर, एंटरोकॉकस फीशियम आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही प्रमुख नावे आहेत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे खाटेच्या कठड्यावर किंवा मॉनिटरच्या बटणांवर, कित्येक आठवडे तग धरतो. स्यूडोमोनासला ओल लागते: बेसिनचे तोंड, गटाराची जाळी, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात, जेथे आषाढ-श्रावणात भिंतीही घामेजतात, ओल हटवणे हे वॉर्डाच्या स्वच्छतेतले निम्मे काम ठरते.

औषधाला तोंड देण्याच्या जीवाणूंच्या रीती थोड्याच आहेत. काही जीवाणू औषध फोडणारे विकर (एन्झाइम) बनवतात, काही आत शिरलेले औषध पंपाने बाहेर फेकतात, काही औषध शिरण्याची छिद्रे कमी करतात, तर काही औषधाचे लक्ष्यच बदलतात. मेथिसिलिन हे औषध वापरात आल्यानंतर अल्पावधीतच, १९६१ मध्ये, ब्रिटनमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली, ती या शेवटच्या रीतीमुळे. त्याहून गंभीर बाब अशी की रोध देणारी जनुके प्लाझ्मिड नावाच्या लहान डीएनए-वलयांवर असतील तर एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जातात, आणि एकाच वलयावर अनेक औषधांविरुद्धची जनुके ओवलेली असू शकतात. त्यामुळे एका औषधाच्या वापराने दुसऱ्याच औषधाचा रोध वाढीस लागतो.

कार्बापेनेम गटातील औषधे, उदाहरणार्थ मेरोपेनेम, दीर्घकाळ राखीव मानली जात. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या नमुन्यात २००८ साली ही औषधे फोडणारे एक विकर सापडले आणि त्याच्या नावात शहराचे नाव आल्याने भारतात बराच रोष उसळला. नावाचा वाद रास्त होता, विकरही खरे होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांमध्ये याच गटातील इमिपेनेमला बळी पडणाऱ्या क्लेब्सिएलाचे प्रमाण २०१६ मधील ६५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर आले.

गोव्याला रुग्णालयांचा इतिहास मोठा आहे. जुन्या गोव्यातील राजेशाही इस्पितळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबरच उभे राहिले. १६०४ ते १६३४ या काळात तेथे २५,००० पोर्तुगीज सैनिक मेले, असा आकडा इतिहासकार देतात. परंतु गलबतावरून आणलेला रोग कोणता आणि शेजारच्या खाटेवरून आलेला कोणता, हे त्यावरून ठरत नाही. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकशाळा सुरू झाली. तिचेच पुढे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि आज ते बांबोळीच्या पठारावर आहे. वैद्यकशाळा निघाल्यानंतर पाच वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्नातील इग्नाझ झेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि त्या वॉर्डातील बाळंतिणींचा मृत्युदर एप्रिलमधील १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापितही झाला नव्हता.

गोव्याच्या आरोग्यव्यवस्थेची ठेवण संसर्गाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणचा रुग्ण आधी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जातो, तेथून म्हापशाला, फोंड्याला किंवा मडगावला, आणि प्रकृती बिघडली की बांबोळीला. सावंतवाडी, दोडामार्ग आणि कारवारकडचे रुग्णही तेथेच पोचतात. वृत्तपत्रे ज्याला ‘गोमेकॉ’ म्हणतात त्या या एका ठिकाणी एवढे रस्ते मिळत असल्याने एका खाटेवरचा रोधी जंतू थोड्या दिवसांत दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो. मात्र राज्य लहान असल्यामुळे हीच ठेवण उपयोगाचीही ठरू शकते. कोणत्या वॉर्डात कोणता जंतू कोणत्या औषधाला दबतो याचा तक्ता राज्यभर एकच ठेवणे आणि रुग्ण पाठवताना कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत देणे येथे मोठ्या राज्यांहून सोपे आहे.

येथे आजाऱ्याला पाहायला जाणे ही नात्याची रीत आहे आणि पेजेचा डबा घेऊन आलेली मावशी दारातच थांबवली तर ते माणुसकीला सोडून वाटते. शिवाय कूस बदलणे, अंग पुसणे, भांडे देणे ही कामे पुष्कळदा सोबतचा नातेवाईकच करतो. म्हणून हात धुण्याचे नियम कर्मचाऱ्यांपुरते ठेवून भागत नाही. अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतरही, ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत सोबत्यालाही शिकवावी लागते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे. रोधी जंतू आढळलेल्या रुग्णाला वेगळे ठेवणे, त्याच्यासाठी स्वतंत्र स्टेथोस्कोप व रक्तदाबाचा पट्टा वापरणे आणि खाटेभोवतीची जागा जंतुनाशकाने पुसणे हे त्याला जोडून येते.

रोधाचे मूळ काही अंशी रुग्णालयाबाहेर असते. पावसाळ्यातील डेंगीच्या तापात प्रतिजैविकाचा काही उपयोग नसताना ते घेतले जाते. विषाणूला ते लागू पडत नाही, आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू मात्र मरतात आणि रोधी वाणांना मोकळी जागा मिळते. केंद्र सरकारच्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार १ मार्च २०१४ पासून कार्बापेनेमसह अनेक प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि फार्मसीला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे जपावी लागते.

उपचारात औषध सुरू करण्याआधी रक्त, लघवी किंवा कफ कल्चरसाठी पाठवतात. संवेदनक्षमतेचा, म्हणजे जंतू कोणत्या औषधाला दबतो याचा, निष्कर्ष येण्यास साधारण दोन-तीन दिवस लागत असल्याने तोवर अंदाजाने औषध द्यावे लागते आणि निष्कर्षानंतर ते बदलतात किंवा आटोपते घेतात. कार्बापेनेम चालेनासे झाले की कोलिस्टिनकडे वळावे लागते. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून हे औषध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडले होते. कुक्कुटपालनात व पशुपालनात त्याचा वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या आतड्यात रोधी जंतू कोणताही त्रास न देता कित्येक महिने राहू शकतो, त्यामुळे पुन्हा दाखल होताना जुना कल्चर रिपोर्ट फायलीत सर्वांत वर ठेवावा, असे डॉक्टर सांगतात.