उच्चदाब वीजवाहिन्यांमुळे टेलिफोन लाइनीत येणारा व्यत्यय

हायटेन्शन लाइनच्या शेजारून लांबवर समांतर गेलेल्या टेलिफोनच्या किंवा रेल्वे सिग्नलच्या तारेत नको असलेलं व्होल्टेज तयार होतं, तो हा व्यत्यय. परिभाषेत प्रवर्तन, बोलताना सगळे इंडक्शनच म्हणतात. सातारा-सांगलीकडे याचा संबंध कोयनेच्या वीज प्रकल्पाशी येतो. धरण पाटण तालुक्यात, पोफळीचं वीजघर घाटाखाली चिपळूणकडे, वीज १९६२च्या सुमारास सुरू झाली, पुढं कराडला ४०० केव्हीचं सबस्टेशन आलं.

प्रकार दोन. एक विद्युत क्षेत्रामुळे, तो लाइनवर लोड नसला तरी येतो पण केबलचं धातूचं आवरण जमिनीला जोडलं (अर्थिंग केलं) की जवळपास संपतो. दुसरा चुंबकीय, हा करंटवर अवलंबून आणि खरा त्रासदायक हाच. लाइनीतले तीन फेज, म्हणजे तीन तारांतले करंट, समतोल असले की एकमेकांचा परिणाम बराचसा मारतात, पण एक फेज जमिनीला लागला की करंट मातीतून परत येतो आणि शेजारच्या तारेत शेकडो व्होल्ट चढू शकतात. म्हणून भारतात अशा बिघाडाच्या, म्हणजे फॉल्टच्या, वेळी शेजारच्या तारेत चढणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा साधारण ४३० व्होल्ट धरतात, फॉल्ट झटकन तुटणाऱ्या भरवशाच्या लाइनींना ६५०.

करंट मातीत किती खोल जातो याचं गणित १९२६ साली अमेरिकेत कार्सन आणि जर्मनीत पोलाचेक यांनी वेगवेगळं मांडलं. पुस्तकांत बहुधा कार्सनचंच नाव येतं, पण पोलाचेकनं जमिनीतल्या केबलचाही विचार केलाय, त्यामुळे दोघांचं नाव घेणंच योग्य. ५० हर्ट्झला, म्हणजे आपल्या विजेच्या वारंवारतेला, मातीचा रोध (विजेला होणारा अडथळा) १०० ओम-मीटर असेल तर ही खोली सुमारे ९३० मीटर, १००० असेल तर जवळपास २.९ किलोमीटर आणि रोध वाढला की व्यत्यय वाढतो. आता कृष्णाकाठची काळी माती कमी रोधाची म्हणून वाळवा-मिरजेत त्रास कमी आणि पाटणच्या कातळावर जास्त, असं काहीजण सरळ मांडतात, पण काळ्या मातीचा थर पातळ आणि खाली तोच बेसॉल्ट, करंट तर शेकडो मीटर खाली जाणार, तेव्हा दोन-चार मीटर अंतरावर खुंट्या ठोकून घेतलेल्या रोधाच्या मापावर विसंबू नये. खुंट्यांमधलं अंतर वाढवून घेतलेलं माप जास्त खरं मानावं.

फोनवरची गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्झची नसते. टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा, त्यात येतात ते हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी. त्यातले तिनाच्या पटीतले, म्हणजे ४५० वगैरे, तिन्ही फेजमध्ये एका तालात असतात म्हणून आपसात कटत नाहीत. उपाय म्हणजे जोडीच्या तारांची जागा ठरावीक अंतरावर अदलाबदल करणं, किंवा पीळ दिलेली जोडी, जिचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१मध्ये घेतलं.

फायबरच्या काचेवर यातलं काही चालत नाही, मात्र त्याच्या केबलला लोखंडी कवच असेल तर त्यात व्होल्टेज चढतंच. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आता २५ केव्ही सिंगल फेज आहे, तिथं करंट रुळांतून आणि जमिनीतून परततो, म्हणून रुळालगतच्या तांब्याच्या केबलचा हिशोब नेहमीच्या चालू लोडलाही करावा लागतो.