मुलाचा आवाज फुटतोय, क्लास बंद करायचा का?

दर जूनमध्ये आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या गाण्याच्या वर्गात आठवी-नववीच्या मुलांचे आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात. पाचवीपासून गोड गाणारा मुलगा बेसूर व्हायला लागला, आता दहावी झाल्यावरच बघू, म्हणतात. आवाज फुटणाऱ्या मुलांच्या विशेष तुकडीतल्या सगळ्यांसाठी म्हणून हे एकदा नीट लिहून देत आहे.

मुलगा बेसूर झालेला नसतो. साधारण 12 ते 15 या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कान शाबूत असतो, गळा मात्र रोज वेगळा वागतो. सोमवारी छान लागलेला पंचम (प) गुरुवारी चिरकतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडाच, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

वेळ वाया जातो तो पट्टीपायी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं त्याच्यापायी. वर्गात आम्ही पट्टी खाली आणतो आणि घरी मोबाइलवर जुन्या, उंच काळी चार पट्टीचा तानपुरा तसाच चालू राहतो. गेल्या वर्षी एक वडील स्पर्धेचा ट्रॅक तयार करूनच आले. याच पट्टीत बसवा, म्हणाले. मी मुलाला गायला सांगितलं. तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा-कडे, जाताना त्याची हनुवटी वर गेली, गळ्याची शीर उभी राहिली, खांदे कानाला टेकले. सूर लागला, वडील खूश झाले. पण पुढे पट्टी खाली पांढरी दोनवर आणली तरी त्याची हनुवटी वरच जायची. ती सवय मोडायला आठ महिने गेले. तेवढ्या वेळात हा मुलगा यमन राग विलंबितासकट, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालासकट, मांडायला शिकला असता, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दर शनिवारी आवाज ऐकून पट्टी वहीत लिहून देतो. घरी तीच लावा, आठवडाभर बदलू नका. घसा बसलेलाच राहिला, दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-दूध घ्यायला हरकत नाही, पण त्याने पट्टी परत येत नाही.

दुसरी तक्रार फीची. तासाभरात गाणं वीसच मिनिटं, मग फी पूर्ण का? उरलेल्या वेळात मुलं हातावर तीनताल, झपताल, एकताल दुगुनीसह, म्हणजे दुप्पट लयीतही, धरतात, पेटीवर स्वरांचे पलटे वाजवतात, बंदिश ऐकून स्वरलिपीत उतरवतात. गळा विश्रांती घेत असताना कान आणि लय पक्की होते, आणि मध्यमा परीक्षेच्या लेखी पेपराची तयारी वेगळी करावी लागत नाही. ही पद्धत मी माझ्या डोक्यातून काढलेली नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या जोपासनेचा खोलात जाऊन अभ्यास केला. कुमार गंधर्व बालवयातच मैफली गाजवत होते, तरी मुंबईत देवधरांकडे वर्षानुवर्षं शिकले. या वर्ष-दीड वर्षात आम्ही मुलाला स्पर्धेला पाठवत नाही, त्यामागे हेच कारण आहे: गाजण्याआधी शिकणं.

परीक्षेची घाई समजते. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा वर्षातून दोनदा असते, तेव्हा एक सत्र सोडलं तर बिघडत नाही. फक्त आखणी सातवीत व्हायला हवी, नववीच्या दिवाळीत नव्हे. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीचं वयही 10 ते 14 आहे, त्यामुळे तो अर्ज आवाज फुटायच्या आधी भरलेला बरा.

पं. राम मराठे संगीत समारोहाला आम्ही तुकडीतल्या मुलांना एकत्र गडकरी रंगायतनला नेतो. ज्याला सध्या गाता येत नाही, त्याने तर नक्की यावं.

तुकडी आठच मुलांची असते. प्रवेशाआधी शनिवारी चारनंतर मुलाला एकदा घेऊन या, आवाज ऐकून पट्टी सांगू. त्याचे पैसे घेत नाही. येताना ट्रॅक आणू नका, आधीच्या परीक्षांची प्रमाणपत्रं आणि एक दोनशे पानी वही आणा.