पीपीटींचे घाऊक रूपांतर

पीपीटींचे घाऊक रूपांतर : संगणकावरील सादरीकरणाच्या फाइली एकेक उघडून ‘सेव्ह ॲज’ करत न बसता, अख्खे फोल्डर एका दमात ‘ओडीपी’ या मुक्त दस्तऐवज स्वरूपात बदलून घेण्याची रीत. ‘पीपीटी’ हे खरे तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरपॉइंट प्रोग्रॅमच्या जुन्या फाइलींचे शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी येणारी प्रकाराची खूण; पण मराठीत ते केव्हाच सामान्यनाम झाले. कोल्हापुरातल्या एखाद्या महाविद्यालयात ‘उद्या पीपीटी घेऊन या’ असे सर सांगतात, तेव्हा ती कोणत्या प्रोग्रॅमात केली आहे याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. मराठी मजकुराच्या फाइलींबाबत हे काम दोन पायऱ्यांचे आहे : आधी फाइलीचे स्वरूप बदलायचे, मग आतल्या अक्षरांची सांकेतिकी, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत. पहिली पायरी यंत्र करून टाकते. दुसरी बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे.

कोल्हापुरात या फाइलींचे ढीग कुठे साचतात हे शोधायला लांब जावे लागत नाही. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले; आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. प्रत्येक विभागाची व्याख्याने, परिसंवाद आणि नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीसाठी रात्र जागून केलेली सादरीकरणे कुठल्यातरी संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये पडून असतात. शिवाजी उद्यमनगरातील फौंड्रीवाल्यांकडे ग्राहकाला दाखवायच्या स्लाइड असतात. गुळावर (भौगोलिक मानांकन २०१४) आणि कोल्हापुरी चपलेवर (मानांकन २०१९, महाराष्ट्र व कर्नाटक मिळून) शेतकरी मेळाव्यात वा कार्यशाळेत दाखवलेल्या स्लाइड वेगळ्याच. फाइलींची नावे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी चढत्या भाजणीत असतात, आणि शेवटची कोणती हे करणाऱ्यालाही आठवत नाही.

स्वरूपे

पॉवरपॉइंट ९७ ते २००३ या आवृत्त्यांची पीपीटी फाइल द्विमान (बायनरी) सांकेतिकीत लिहिलेली असते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडली तर कचरा दिसतो. तिची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये सर्वांसाठी जाहीर केली; त्याआधी इतर प्रोग्रॅम तिचा एकेक तुकडा उलगडून अंदाजाने वाचत. ऑफिस २००७ बरोबर पीपीटीएक्स आली. तिची रचना एक्मा-३७६ (२००६) आणि पुढे आयएसओ/आयईसी २९५०० (२००८) या मानकांत नोंदली गेली. हे मानक आयएसओपुढे मतदानाला आले तेव्हा भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिले होते.

ओडीपी हे ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) या मुक्त दस्तऐवज कुटुंबातले सादरीकरणाचे भावंड. ओडीएफला ओएसिस या संस्थेने मे २००५ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली आणि २००६ मध्ये ते आयएसओ/आयईसी २६३०० झाले. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले. ओडीपी फाइल म्हणजे प्रत्यक्षात झिप केलेले गाठोडे असते. शेपूट बदलून ‘झिप’ केले की ते सुटते : ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलीत सगळ्या स्लाइडचा मजकूर, ‘स्टाइल्स’मध्ये फॉन्ट-रंग, ‘मेटा’मध्ये कर्ता व तारखा, आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरात चित्रे. मजकूर कोणत्याही साध्या संपादकात वाचता येतो. याचा खरा उपयोग पुढे, लिपीच्या भानगडीत होतो.

पीपीटीएक्सही आतून झिप आणि एक्सएमएलच आहे. त्यामुळे ती बदलायची घाई करण्यात फारसा अर्थ नाही. वेळ आणि माणसे थोडी असतील तर आधी जुन्या पीपीटी हाताळाव्यात.

रीत

या कामासाठी सर्वात जास्त वापरले जाते ते लिब्रेऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर. ओपनऑफिस डॉट ऑर्ग या प्रकल्पातून २८ सप्टेंबर २०१० रोजी ते वेगळे झाले. त्यातला सादरीकरणाचा भाग म्हणजे इम्प्रेस. ज्याला आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्याच्यासाठी ‘फाइल’ मेनूतील ‘विझार्ड्स’खाली ‘डॉक्युमेंट कन्व्हर्टर’ आहे. कोणत्या प्रकारच्या फाइली, कुठून उचलायच्या, कुठे ठेवायच्या, पोटफोल्डर धरायचे का, एवढे सांगितले की ते कामाला लागते. त्यात ‘लॉग फाइल’ची (झालेल्या कामाच्या नोंदीची) खूण असते, ती जरूर करावी, कारण पुढे कोणती फाइल गेली आणि कोणती राहिली हे सांगणारा तोच एक कागद हाती उरतो.

दुसरी रीत आज्ञेची. लिब्रेऑफिसच्याच ‘सॉफिस’ या प्रोग्रॅमला ‘हेडलेस’ (खिडकीविना), ‘कन्व्हर्ट-टू’ (कोणत्या स्वरूपात) आणि ‘आउटडिर’ (कोणत्या फोल्डरात) हे पर्याय देऊन फाइलींची यादी पुढे ठेवली की खिडकी न उघडता रूपांतर होते. हजारभर फाइली असतील तर हीच रीत बरी. रात्री लावून सकाळी बघावे. खुद्द पॉवरपॉइंटही २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ओडीपी जतन करू शकतो आणि मॅक्रो (प्रोग्रॅमच्या आत चालणारी छोटी आज्ञावली) लिहून त्याच्याकडूनही घाऊक काम करून घेता येते.

आज्ञेच्या रीतीत चार ठिकाणी पाय घसरतो. लिब्रेऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर काही आवृत्त्यांत आज्ञा चुपचाप परत येते. ना फाइल, ना चूक. उपाय म्हणजे खिडकी बंद करणे किंवा आज्ञेला वेगळे वापरकर्ता-प्रोफाइल देणे. दुसरे, लिनक्सवर शेपटाच्या मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत फरक धरला जातो, त्यामुळे मोठ्या अक्षरांतले शेपूट असलेली फाइल यादीत येतच नाही. तिसरे, पासवर्ड घातलेली फाइल मागे राहते. चौथी अडचण सर्वात महाग. समजा, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा दोन्ही विभागांच्या फोल्डरांत ‘परिचय’ नावाची फाइल आहे. सगळे एकाच ‘आउटडिर’मध्ये टाकले की नंतरची आधीच्या फाइलीवर बसते आणि अर्थशास्त्राचा परिचय उरतो, वनस्पतिशास्त्राचा जातो. एकाच फोल्डरात ‘परिचय’ची पीपीटी आणि पीपीटीएक्स दोन्ही असतील तरी तेच, कारण दोघींची ओडीपी एकाच नावाची होते. म्हणून फोल्डरांची मूळ मांडणी आउटपुटमध्ये जशीच्या तशी ठेवावी आणि काम सुरू करण्याआधी फाइलींची मोजदाद लिहून काढावी.

काय हरवते

साधा मजकूर, चित्रे आणि तक्ते बहुतेक सुखरूप पोहोचतात. पॉवरपॉइंटच्या ‘स्मार्टआर्ट’ या तयार आकृत्यांच्या सोयीतील आकृत्या मात्र सुट्या आकारांचा गठ्ठा होऊन येतात. दिसतात, पण आकृती म्हणून बदलता येत नाहीत. संस्थेची पदरचना दाखवणारी उतरंड प्रत्येक नॅक सादरीकरणात असतेच, तेव्हा हा फटका बसणारच. व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेल्या मॅक्रोंवर विसंबू नये. मजकूर चौकटीत मावेल इतका आपोआप लहान करणाऱ्या सोयीत दोन्ही प्रोग्रॅमांचे हिशेब वेगळे असल्याने स्लाइडच्या तळाच्या ओळी चौकटीबाहेर ओघळतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील गणिती समीकरणे एम्बेड केलेल्या वस्तू असतात. लिब्रेऑफिसच्या ‘लोड/सेव्ह’ पर्यायांत ती ‘मॅथ’मध्ये बदलण्याची खूण आहे, ती घाऊक कामाआधीच तपासावी.

व्हिडिओचे दुखणे जुने आहे. पीपीटीच्या जमान्यात व्हिडिओ फाइलीत बसतच नसे, फक्त त्याचा पत्ता बसे. १०० केबीपेक्षा मोठा आवाजही मुळात जोडलेलाच राही. तो पत्ता एखाद्या कालबाह्य संगणकाच्या ड्राइव्हचा असतो. पन्हाळ्याच्या सहलीचा व्हिडिओ स्लाइडवर दिसत नाही, याचा दोष रूपांतराचा नसतो. फाइल पेनड्राइव्हवर घेताना तो सोबत घेतलाच नव्हता.

लिपीची भानगड

२००० च्या दशकात मराठी सादरीकरण म्हणजे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरे नसतातच. फाइलीत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. फॉन्ट त्या प्रत्येक चिन्हावर देवनागरीचे चित्र चढवतो. युनिकोड या जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक सांकेतिकीमध्ये देवनागरीला १९९१ पासून १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. त्याचा या फाइलींना स्पर्शही झालेला नसतो. अशी पीपीटी ओडीपी केली की खिचडी जशीच्या तशी नव्या गाठोड्यात जाते. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे सगळे छान दिसते आणि काम झाले असे वाटते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच स्लाइड निरर्थक दिसते, आणि ‘शाहू’ शोधले तर एकही फाइल सापडत नाही. घाऊक रूपांतर करून देणारी मंडळी ‘एवढ्या फाइली ओडीपी झाल्या’ असा आकडा सांगतात. त्यांपैकी किती वाचता आणि शोधता येतात, हे त्यांना विचारावे.

या मजकुराचे युनिकोड करणे म्हणजे निव्वळ एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणे नव्हे. अडचण क्रमाची आहे. जुने फॉन्ट अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘शिवाजी’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये ‘श’च्या आधी येते, युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर हवी. रफाराचे उलटे. ‘राजर्षी’मध्ये जुना फॉन्ट ‘राजषी’ लिहून त्यावर रफार ठेवतो. युनिकोडमध्ये ‘ज’नंतर ‘र’, मग हलन्त, मग ‘षी’. म्हणजे रूपांतरकाला रफार मागे ओढून त्या जोडाक्षराच्या सुरुवातीला बसवावा लागतो, आणि जोडाक्षर कुठे सुरू झाले हे ओळखावे लागते. ‘राजर्षी शाहू’ आणि ‘शिवाजी विद्यापीठ’ हे दोन शब्दसमूह कोल्हापूरच्या जवळपास प्रत्येक सादरीकरणात असतात. चाचणीसाठी याहून सोयीची वाक्ये मिळायची नाहीत. त्यांच्या जोडीला ‘दुसऱ्या’मधला अर्धा र घ्यावा. तो बऱ्याच रूपांतरकांत रफार होऊन ‘दुसर्या’ असा बाहेर पडतो.

इथे ओडीपीचा उघडेपणा कामी येतो. ‘कंटेंट’ फाइलीत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला शैलीचे नाव जोडलेले असते आणि त्या शैलीत फॉन्टचे नाव. जिथे जुना मराठी फॉन्ट आहे तेवढेच तुकडे बदलायचे, इंग्रजी फॉन्टचे तसेच ठेवायचे, असे छोट्या स्क्रिप्टला सांगता येते. हे भान न ठेवता अख्खी स्लाइड रूपांतरकातून काढली तर त्यातली इंग्रजी नावे, सूत्रे आणि ई-मेल पत्ते देवनागरी कचऱ्यात बदलतात. आणखी एक बारकावा : ओडीएफ एकाच तुकड्यासाठी तीन फॉन्ट नोंदवते, पाश्चात्त्य, आशियाई आणि जटिल लिप्यांचा. खिचडी रोमन असल्याने जुन्या फॉन्टचे नाव पाश्चात्त्य खान्यात असते. युनिकोड झालेली देवनागरी जटिल लिप्यांच्या खान्यातला फॉन्ट घेते. मजकूर बदलला पण त्या खान्यात लोहित, नोटो किंवा ‘मुक्त’ यांसारखा युनिकोड फॉन्ट भरला नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने कोणतातरी उचलतो आणि ओळींची लांबी बदलते. मूळ फाइल युनिकोडमध्येच असली तरी विंडोजचा ‘मंगल’ हा फॉन्ट लिनक्सवर नसतो, त्यामुळे तिथेही हाच अनुभव येतो. जोडाक्षरे मोडून दिसण्याची जुनी तक्रार मात्र बरीच मावळली. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सर्व प्रणालींवर हार्फबझ हे एकच मांडणी-इंजिन (अक्षरे जोडून पडद्यावर मांडणारा भाग) वापरते.

तपासणी आणि जपणूक

मोजदाद जुळणे ही पहिली चाचणी. मग प्रत्येक फोल्डरातून काही फाइली उचलून पानोपान पाहायच्या. इथे एक फसगत होते : जुनी पीपीटी आणि नवी ओडीपी या दोन्हींची पीडीएफ लिब्रेऑफिसनेच काढून तुलना केली तर दोन्ही तंतोतंत जुळतात, कारण पीपीटी वाचताना झालेली चूक दोन्हीकडे सारखीच उतरते. मूळ फाइलीची पीडीएफ पॉवरपॉइंटमधून, आणि जुना फॉन्ट बसवलेल्या संगणकावर काढावी. असा एखादा संगणक अजून चालू असेल तर त्याची रवानगी भंगारात करण्याआधी एवढे काम उरकून घ्यावे.

मूळ पीपीटी फेकून देऊ नयेत. फाइलीची तारीख रूपांतराच्या दिवसाची होते, त्यामुळे व्याख्यान कधीचे हे जुन्या प्रतीवरूनच कळते. मूळ फाइली, ओडीपी, लॉग आणि फाइलींची यादी यांचा एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवावा, आणि तळमजल्यावर तर नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागांत घराघरांत शिरले.