लॅक्स्टन : बिनकुंपणाच्या शेतांचे गाव

इंग्लंडमधले खेडे म्हटले की झुडपांच्या हिरव्या कुंपणांनी आखलेली चौकोनी शेते आणि त्यांच्या मधोमध एकटे उभे असलेले शेतघर असे चित्र डोळ्यांसमोर येते. मध्य इंग्लंडपुरते बोलायचे तर हे चित्र फारसे जुने नाही. ते मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात घडले. त्याआधी तिथल्या असंख्य गावांभोवती दोन-तीन विस्तीर्ण, बिनकुंपणाची शेते असत आणि प्रत्येक शेतात गावातल्या बहुतेक घरांचे अरुंद, लांबलचक पट्टे एकमेकांना लागून पसरलेले असत. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवूडच्या जुन्या जंगलाच्या पूर्वेला असलेल्या लॅक्स्टन या लहान गावात ही पद्धत, ती सांभाळणाऱ्या गावच्या न्यायसभेसह, आजही चालू आहे. जुन्या खुल्या शेतांच्या खुणा इंग्लंडमध्ये आणखी एक-दोन ठिकाणी सापडतात, पण शेत आणि त्याचा न्याय अशी दोन्ही अंगे जिवंत असलेले गाव हे एकच आहे.

गाव प्राचीन आहे. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजा विल्यम याने करवून घेतलेल्या मुलूखभरच्या पाहणीत, त्याची नोंद आहे. नॉर्मनांच्या आधी जमीन तोकी नावाच्या सरदाराकडे होती, नंतर ती जॉफ्री आल्सेलिन याच्याकडे गेली. गावाच्या उत्तरेला मातीचा उंच टेकाडवजा बुरूज आणि त्याभोवतीचे खंदक अजून स्पष्ट दिसतात. इथल्या किल्ल्यातून शेरवूड जंगलाच्या राखणदारीचा कारभार चाले. गावच्या सेंट मायकेल चर्चमध्ये तेव्हा गावचे सरदार असलेल्या एव्हरिंगहॅम घराण्यातील मंडळींच्या दगडी प्रतिमा आहेत, आणि त्यांच्यात एका स्त्रीची लाकडात कोरलेली दुर्मिळ प्रतिमाही आहे. सरदार आले आणि गेले. त्यांचा वाडा मातीत मिसळला. ज्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत त्या कुळांनी आखलेले पट्टे मात्र टिकले, आणि माझ्या मते लॅक्स्टनचा खरा इतिहास त्या पट्ट्यांचाच आहे.

पट्टे लांब आणि अरुंद का, याचे उत्तर नांगरात आहे. चिकणमातीत जड नांगर ओढायला बैलांची मोठी जोडणी लागे आणि ती वळवणे कष्टाचे असे. म्हणून एकदा नांगर लावला की शक्य तितके सरळ जायचे, मगच वळायचे. या एका दमात काढलेल्या लांब तासावरून, म्हणजे नांगराच्या चरीवरून, इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तोच आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘फर्लांग’ होय. एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड. तेवढ्या लांबीचा आणि २२ यार्ड रुंदीचा तुकडा म्हणजे एक एकर, आणि बैलांची एक जोडणी दिवसभरात साधारण तेवढी जमीन नांगरते असा जुना हिशेब होता. सातबाऱ्यावर आपण ज्या एकरात जमीन मोजत आलो, त्याचे मूळ अशाच शेतांत आहे. एका घराचे सगळे पट्टे एका जागी नसत, ते गावच्या सगळ्या शेतांत विखुरलेले असत. त्यामुळे चांगली आणि हलकी जमीन, पाणी साचणारा सखल भाग आणि निचऱ्याचा उतार यांचा थोडाथोडा वाटा सगळ्यांकडे जाई.

१६३५ साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने गावाचा मोठा नकाशा तयार केला. गावाचे तेव्हाचे मालक, लंडनचे धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टन, यांच्यासाठी ही मोजणी झाली होती. नकाशासोबतच्या वहीत प्रत्येक पट्टा कोणाचा आणि किती क्षेत्राचा हे लिहिलेले आहे. नकाशावर नांगरणारी, कापणी करणारी माणसे आणि शिकारीची दृश्येही चितारलेली आहेत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपलेला हा नकाशा घेऊन आजही गावातून फिरता येते, कारण रस्ते, घरांच्या जागा आणि शेतांची मांडणी बरीचशी तीच आहे. त्या वेळी खुली शेते चार होती. आता दक्षिण शेत, गिरणी शेत आणि पश्चिम शेत अशी तीन उरली असून त्यांचे क्षेत्र मिळून सुमारे ४८० एकर भरते.

१६४०मध्ये गाव पिअरपाँट घराण्याकडे आले. पुढच्या काळात देशभर खुली शेते मोडून ती कुंपणांनी बंदिस्त करण्याची, म्हणजे कुंपणबंदीची, लाट आली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने असे पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. कुंपणबंदीने उत्पन्न वाढले हे खरे. पण सामाईक चराईवर गाय किंवा चार मेंढ्या पाळणाऱ्या गरिबाचा आधार त्याच कायद्यांनी काढून घेतला, हेही तितकेच खरे. लॅक्स्टनही यातून पूर्ण सुटले नाही. अठराव्या शतकात काही भाग बंदिस्त झाला आणि विसाव्याच्या आरंभी पूर्वेचे शेत गेले. त्याच सुमारास पिअरपाँट घराण्यातील अर्ल मॅन्व्हर्स यांनी विखुरलेले पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली. तीन शेते वाचली, त्यामागे परंपरेविषयीचे प्रेम फारसे नव्हते. कुंपणबंदी खर्चाची होती, जमीन एकाहून अधिक जमीनदारांत वाटलेली होती आणि त्यांचे एकमत होत नव्हते.

कुंपणबंदी झालेल्या गावांतले शेतकरी घर सोडून आपापल्या नव्या शेतात राहायला गेले. लॅक्स्टनमध्ये तसे करण्याचे कारणच नव्हते, म्हणून शेतकऱ्यांची विटांची घरे अजून गावच्या रस्त्यालाच लागून आहेत. अनेक घरांची बाजूची भिंत रस्त्याकडे, मागे जनावरांचे आवार आणि धान्याची कोठारे, अशी त्यांची ठेवण आहे. सुटलेली जनावरे कोंडण्यासाठी गावाला कोंडवाडा होता आणि त्याचा राखणदार नेमलेला असे.

शेतांचा फेरा तीन वर्षांचा आहे. एका शेतात हिवाळ्यापूर्वी गहू पेरतात, दुसऱ्यात वसंतात बार्ली किंवा तत्सम पीक घेतात आणि तिसरे पड ठेवतात. पडीच्या शेतात आता बहुधा चाऱ्याचे पीक असते. पुढच्या वर्षी सगळे एक घर पुढे सरकते. आपल्या पट्ट्यात मनाला येईल ते पीक कोणालाही घेता येत नाही. नांगर चालत नाही अशा ओघळींच्या काठाला गवताच्या पट्ट्या राखलेल्या आहेत. त्यांना ‘साइक’ म्हणतात. त्या कधीच नांगरल्या न गेल्याने तिथे रानफुलांच्या अनेक जाती टिकून आहेत. तिथल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

पट्ट्यांमध्ये बांध नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा बांध कोरण्याऐवजी इथला मोह सामाईक वाटेत किंवा साइकमध्ये एखादे तास जास्त घालण्याचा असतो. त्यावरचा इलाज म्हणजे पंचांची फेरी. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले नेमलेले पंच आणि त्यांचा म्होरक्या नुकत्याच गहू पेरलेल्या शेतात जातात, पट्ट्यांच्या कडा पाहतात, हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात आणि कोणी वाट नांगरली, कोणी चर उपसला नाही, याची नोंद करतात. साधारण आठवड्याने गावच्या ‘डव्हकोट’ या मद्यगृहात न्यायसभा, म्हणजे ‘कोर्ट लीट’, भरते आणि दोषींना दंड होतो. रक्कम मोठी नसते, पण ज्या शेजाऱ्यांसोबत वर्षभर राहायचे त्यांच्यादेखत नाव वाचले जाते. पंच स्वतःही त्याच शेतांत कसणारे असल्याने कोणता नांगर हद्दीबाहेर मुद्दाम चालला आणि कोणता चुकून, हे त्यांना सांगावे लागत नाही. १९७७च्या कायद्याने देशातल्या अशा जुन्या सभांचे अधिकार संपवले, तेव्हा लॅक्स्टनच्या सभेचे अधिकार मात्र राखले गेले.

१९५२मध्ये अर्ल मॅन्व्हर्स यांनी ही पद्धत टिकावी या हेतूने गाव ब्रिटिश सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले. १९८१मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेले. २०१८मध्ये क्राउन इस्टेटने ते विकायचे ठरवले, तेव्हा आता पुढे काय ही चिंता स्वाभाविक होती. कारण मालकाने मनावर घेतले नाही तर कुळांनी कितीही जपलेले पट्टे वाऱ्यावर जाऊ शकतात. २०२०मध्ये थॉर्सबी इस्टेटने, म्हणजे पिअरपाँट घराण्याच्या जुन्या मिळकतीनेच, ते परत विकत घेतले. मालक बदलले तरी सभेचा क्रम तोच राहिला: दंडाचे काम आटोपले की पुढच्या हिवाळ्यात ज्या शेतात गहू असेल, त्याच्या पाहणीसाठी नवे पंच नेमायचे आणि सभा उठायची.