छोट्या वायनरीत जाण्याआधी
(दादरहून निघणाऱ्या आमच्या टेस्टिंग सहलीच्या पाहुण्यांसाठी)

दिंडोरी तालुक्यातल्या ज्या वायनरीत आपण जाणार आहोत, तिथे स्वागतकक्ष, डीजे, सेल्फी पॉइंट असलं काही नाही. द्राक्षबाग, एक पत्र्याची शेड, शेडमध्ये स्टीलच्या टाक्या आणि शेजारी त्या कुटुंबाचं घर. जे तुमच्या ग्लासात वाइन ओततील, तेच सकाळी बागेत फवारणी करून आलेले असतात. म्हणून आम्ही एका फेरीत आठच जण नेतो आणि वेळ आधी ठरवून जातो. दादरहून गाडी सकाळी साडेसहाला सुटते, कोणासाठी थांबत नाही. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटातली रखडपट्टी आता टळते. भिवंडीच्या आधीची मात्र आमच्या हातात नाही.

कधी यावं? वेलीवर घड पाहायचे असतील तर जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी आणि मग थंडी सरता सरता तोडणी. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण वेलीवर फक्त पानं असतात. तरीही कोणी जुलैत येतो म्हणालं तर आम्ही आनंदाने नेतो. फक्त नंतर "द्राक्षं कुठायत?" विचारू नका.

तोडणीच्या दिवसांत मालकांना विचारून एक मणी तोंडात टाकून पाहा. बाजारातल्या थॉमसन या खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, जाड सालीचा, बियांचा आणि गोडीला चढा. ही साल फार महत्त्वाची. काळ्या द्राक्षांचासुद्धा रस बहुतेक फिकाच असतो. लाल रंग सालीतून उतरतो. म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी आधी रस गाळून घेतात. यीस्ट रसातली साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं. साखर संपली की वाइन 'ड्राय' झाली. "गोड का लागत नाही?" या हमखास प्रश्नाचं उत्तर एवढंच. (द्राक्षं पायाने तुडवत नाहीत. हाही हमखास प्रश्न.)

टेस्टिंगच्या दिवशी अत्तर, परफ्यूम नको आणि मोगऱ्याचा गजराही नको. वाइन अर्धीअधिक नाकाने कळते. शेजारी गजरा असला की सगळ्या बाटल्या मोगऱ्याच्याच. नाशिकची मिसळ जरूर खाऊ, पण टेस्टिंग झाल्यावर. आधी खाल्ली तर जिभेला तर्रीशिवाय काही कळणार नाही. उपाशीही येऊ नका. वाटेत इडली किंवा पोह्यांसाठी थांबतो.

क्रम हलक्या व्हाइटपासून जड रेडकडे. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनमध्ये चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास आला तर लाजू नका, तो खरोखरच असतो. दोन्हींत एकाच जातीचं वासद्रव्य आहे. शिराझ या रेडमध्ये मिऱ्याचा वास येतो, त्याचंही तसंच. रेड प्यायल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड तुरट होतं, ते टॅनिन. पुस्तकी शब्द आठवत बसू नका. आमच्या एका पाहुण्या काकूंनी "आमसुलासारखं" म्हटलं, तेव्हा मालकांनी मान डोलावली होती.

एका वाइनचे साधारण ३० मिली देतात. पाच वाइन म्हणजे १५० मिली, एक भरलेला ग्लास. टेबलावरच्या भांड्यात वाइन थुंकणं किंवा उरलेली ओतणं हा अपमान नाही, तिथली रीतच आहे. शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न जरूर विचारावा : वाइन नितळ करायला काय वापरता? काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिन वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट ही माती.

२१ वर्षं पूर्ण नसलेल्यांना आम्ही टेस्टिंगला बसवत नाही, ओळखपत्र आणा. ड्राय डेला सहल नसते. स्वतःच्या गाडीने मागून येणार असाल तर चालवणाऱ्याने वास घेण्यावरच समाधान मानावं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, आणि आमची शून्य.

बाटली घ्यावी का? सक्ती नाही. आवडली तर घ्या आणि बिल जपून ठेवा. बाटली उन्हातल्या डिकीत ठेवू नका. आम्ही थर्माकोलची पेटी आणतो. घरी फ्रिजच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा कपाटाच्या तळाशी बरी, आणि बूच असेल तर आडवी. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला द्या' हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे, मे महिन्यातल्या गिरगावातल्या खोलीसाठी नाही. वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. राहिलीच तर मटणाच्या रश्श्यात घाला.