व्हानुआतूतील ज्वालामुखी

व्हानुआतूतील ज्वालामुखी : नैर्ऋत्य पॅसिफिकमधील व्हानुआतू (१९८० पूर्वीचे न्यू हेब्रिडीझ) या द्वीपराष्ट्रातील ज्वालामुखींची साखळी. द्वीपमालेच्या पश्चिमेस असलेल्या खंदकात ऑस्ट्रेलियाकडील भूपट्ट पूर्वेकडे खाली सरकतो व त्यातून हा ज्वालामुखी-कंस निर्माण झाला आहे. काही ज्वालामुखी समुद्राखाली आहेत.

कुवाए : एपी व टोंगोआ बेटांदरम्यानचे, सु. १२ किमी. लांब व ६ किमी. रुंद असे बुडालेले महाकुंड (उद्रेकानंतर जमीन खचून झालेला विस्तीर्ण खळगा). येथे पूर्वी एकच मोठे बेट होते व ते स्फोटात फुटले, अशी टोंगोआवरील मौखिक परंपरा आहे. वाचलेले लोक एफाते बेटाकडे गेले व पुढे परतून त्यांनी टोंगोआ पुन्हा वसवले, असेही ती सांगते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झोझे गारांझे यांनी १९६०च्या दशकात टोंगोआवर उत्खनन केले. परंपरेत नाव असलेल्या ‘ती टोंगोआ लिसेइरिकी’ या सरदाराची मानलेली कबर त्यांना सापडली. किरणोत्सारी कार्बनद्वारे तिचा काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध ठरतो. स्फोट त्यापूर्वी थोडा काळ झाला असावा. १९९४ मध्ये ज्वालामुखीतज्ज्ञ मोंझिए व सहकाऱ्यांनी ३० घन किमी.हून अधिक शिलारस बाहेर पडल्याचा अंदाज मांडला. मोठ्या उद्रेकांतील वायूंमुळे ध्रुवीय बर्फात साठलेल्या गंधकाम्लाच्या थरांशी सांगड घालून स्फोटाचे वर्ष इ. स. १४५२ किंवा १४५३ धरले जाऊ लागले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात दिसलेल्या विचित्र प्रकाशाचाही काहींनी याच्याशी संबंध जोडला; तो कल्पनारम्यच म्हणावा लागेल. बर्फाच्या कालगणनेत पुढे दुरुस्ती झाली आणि मोठा थर १४५८च्या सुमाराचा ठरला. ज्वालामुखीतज्ज्ञ नेमेथ व इतरांच्या मते टोंगोआवरील निक्षेप एवढ्या प्रचंड उद्रेकाशी जुळत नाहीत. २०१९ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या बर्फातील ज्वालामुखीजन्य काचकणांचे रासायनिक घटकही कुवाएशी न जुळणारे आढळले. बेट फुटल्याची घटना पंधराव्या शतकातील मानण्यास हरकत नाही. जागतिक हवामानावरील परिणाम मात्र तिच्या खाती घालताना सावध राहणे बरे. कुंडातील कारुआ हा समुद्राखालील ज्वालामुखी मधूनमधून पृष्ठभागावर येऊन लाटांनी पुन्हा झिजून जातो.

यासूर : तान्ना बेटावरील सु. ३६० मी. उंचीचा शंकू. १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांना तो धगधगताना दिसला. जवळ जाण्यास मात्र स्थानिकांनी त्यांना मज्जाव केला. लहान लहान स्फोट वारंवार होत असतात. गाड्या विवराच्या काठाजवळपर्यंत जात असल्याने पर्यटकांची येथे वर्दळ असते. जॉन फ्रम या त्रात्याला मानणाऱ्या तान्नावरील पंथाच्या श्रद्धाविश्वातही त्याला स्थान आहे.

अँब्रिम : या बेटावर सु. १२ किमी. व्यासाचे महाकुंड व त्यात मारुम आणि बेनबो ही विवरे. १९१३च्या उद्रेकात डिप पॉइंट येथील मिशनचे रुग्णालय नष्ट झाले. डिसेंबर २०१८ मध्ये दोन्ही विवरांतील लाव्हासरोवरे आटली. शिलारस भेगांवाटे बाजूला सरकला व किनाऱ्यावरील जमीन भंगली. तत्पूर्वी सतत बाहेर पडणाऱ्या वायूंतील फ्लोराइड पावसात मिसळे व छपरांवरून टाक्यांत साठवलेल्या पाण्यात उतरे. तेच पिण्यात असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडत.

अंबाए : सु. १,५०० मी. उंचीचे ज्वालामुखी-बेट. शिखरावरील वुई सरोवर २००६ मध्ये निळ्याचे लाल झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्व, सु. ११,००० रहिवाशांना हलवावे लागले. परतल्यावर २०१८ मध्ये राखेच्या वर्षावामुळे पुन्हा स्थलांतर करावे लागले.

लोपेवी हे शंकूच्या आकाराचे बेट आता निर्जन आहे. गाउआ बेटावरील गारेट ज्वालामुखी २००९–१० मध्ये जागृत होता.