दंडावरची चकती आणि कमरेचा पंप

खानापूरच्या मधुमेही आत्याच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर बसला तशी ती खुशीत म्हणाली, "मग आता इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं म्हणा की!" सुटलं नव्हतं. बेळगावात शहापूर-वडगावकडच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांतही हाच घोळ असतो. अंगाला काहीतरी चिकटवलं, म्हणजे औषधही त्यातूनच जात असणार. पण चिकटवायच्या वस्तू दोन आहेत. सेन्सर साखर नुसती बघतो, इन्सुलिन देतो तो पंप.

सेन्सरची चकती दहाच्या नाण्याहून थोडी मोठी. लावताना सुई क्षणभर आत जाते आणि लगेच बाहेर येते. आत राहते ती सुमारे ५ मिलिमीटरची केसासारखी लवचीक तार. कंपनीप्रमाणे ७ ते १५ दिवस ती टिकते. मात्र ती रक्त मोजत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजते. म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. कुंदा खाल्ल्यावर लगेच बोट टोचलं तर दोन आकडे जुळणार नाहीत; त्यात मशीन बिघडलेलं नसतं.

सेन्सरचा आकडा मोबाइलवर येतो. एकदा रात्री तीनला तो मोबाइल ओरडला. आकडा ५८, म्हणजे साखर फार उतरलेली. सून साखरेचं पाणी घेऊन धावली. आत्या मात्र ठणठणीत, झोपमोड झाली म्हणून चिडलेली. बोट टोचलं तर १२१! ती त्याच दंडावर झोपली होती. चकतीवर दाब आला की आकडा खोटाच खाली जातो. पण घाम, थरथर किंवा असंबद्ध बडबड असेल तर पडताळत बसू नये: शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. वयस्कांना वाढलेल्या साखरेइतकीच ही उतरलेली साखर घातक. रात्री न्हाणीघरात पडणं त्यातूनही होऊ शकतं.

पंपाची गोष्ट वेगळी. मोबाइलएवढं यंत्र कमरेला, बारीक नळी पोटाच्या कातडीत, ती दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. आत फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, त्यामुळे नळी मुडपली तर काही तासांत साखर चढते. काही पंप सेन्सरचा आकडा वाचून डोस बदलतात, आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. थरथरत्या हातांच्या, मोतीबिंदू झालेल्या माणसाला मी तरी पंपाच्या भानगडीत घालणार नाही. ४ मिलिमीटर सुईचं इन्सुलिनचं पेन फारसं दुखत नाही.

न टोचता साखर सांगणारी घड्याळं-अंगठ्या मात्र घेऊच नका. औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांबद्दल इशारा दिला. असं एकही उपकरण तोवर त्यांनी मंजूर केलं नव्हतं.

आत्या आता उजव्या कुशीवर झोपते. बोट टोचायचं पेन डब्यात आहेच. शंका आली की बोटाच्या कडेला टोचते, मधोमध जास्त झोंबतं म्हणून.